झोपण्याआधीचे चाळीस ग्रॅम

मोशीत संध्याकाळी साडेसातनंतर जिममध्ये डंबेलसाठी ताटकळावं लागतं. चाकणहून कंपन्यांच्या बस त्याच सुमाराला परततात. कुरुळी, चिंबळी फाटा, इंद्रायणीचा पूल असं सरकत सरकत नाशिक रस्त्यावरची गाड्यांची रांग मोशीत पोचते, जनरल शिफ्टवाले चौकाचौकांत उतरतात आणि त्यातले बरेच जण घरी बॅग टाकून स्पाईन रोडवरच्या नाहीतर बोऱ्हाडेवाडीतल्या कुठल्यातरी पहिल्या मजल्यावर चढतात. खाली फर्निचरचं दुकान, वर जिम. आठला आत, सव्वानऊला बाहेर, दहाला जेवण. सकाळी सव्वासातची बस असते, म्हणजे साडेअकराला पाठ टेकायलाच हवी. या दोन-सव्वादोन तासांत पोटात काय घालायचं, या एका प्रश्नावर मी बराच काळ आणि त्याहून जास्त पैसे घालवले. त्या काळात केलेल्या चुकांचा हा हिशेब.

मी आहारतज्ज्ञ नाही. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला आहे. व्हर्नियर आणि मायक्रोमीटर हातात घेऊन नोकरीची वर्षं गेली. चाळिशी जवळ आली, वजन बहात्तर किलो, त्यातलं नको तेवढं पोटावर. डॉक्टरांनी साखर काठावर आहे असं सांगितलं आणि मी जिम लावली. व्यायाम बरा चालला होता. गडबड झाली ती खाण्यात.

पहिल्यांदा शेंगदाणे. गरिबाचे बदाम म्हणून आपण लहानपणापासून ऐकत आलोय, त्यामुळे जिमहून आल्यावर भाजलेले दाणे आणि गुळाचा खडा घेऊन टीव्हीसमोर बसायचो. शंभर ग्रॅम दाण्यांत पंचवीस ग्रॅम प्रोटीन असतं हे खरंच आहे. त्याच शंभर ग्रॅमांत जवळपास निम्मं तेल असतं आणि साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, हे मी वाचलं नव्हतं. मूठभर दाण्यांत मिळतात सात ग्रॅम, आणि माझी मूठ एकावर कधी थांबली नाही. पँटचं बटण लागेना तेव्हा दाणे सुटले.

मग अंडी, तीही कच्ची. दुधात दोन कच्ची अंडी फोडून गटागट पिणारा पैलवान आपल्या डोक्यात पक्का बसलेला असतो, आणि मोशीच्या शेजारी भोसरी म्हणजे तर तालमींचं गाव. मीही प्यायलो. नंतर कळलं की बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८ सालीच हे तपासून ठेवलंय. शिजवलेल्या अंड्यातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास प्रोटीन शरीर पचवतं, कच्च्यातलं जेमतेम निम्मं. शिवाय कच्च्या अंड्यातून जंतू पोटात जायची भीती वेगळीच. म्हणजे नाक दाबून जे घशाखाली ढकललं त्यातलं अर्धं वायाच. मग उकडायला लागलो, तर पिवळा बलक काढून टाकायला लागलो, कारण जिममधले सगळे टाकतात. आमची आई तेव्हा जुन्नरहून आलेली. ओट्यावर बलकांची वाटी बघून म्हणाली, "अरे, कोंबडीनं एवढं केलं ते काय तू फेकून द्यावं म्हणून?" मी तिला कोलेस्टेरॉल समजावून सांगितलं. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रोटीन, त्यातलं अडीच ग्रॅमच्या वर त्या बलकातच असतं, हे मात्र मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आईलाही नव्हतं, पण ती बरोबर होती.

पावडरीकडे मी वळलो तो सोयीसाठी. रात्री दहाला बायकोला वेगळं काहीतरी शिजवायला सांगणं बरं दिसत नव्हतं. एक चमचा, एक ग्लास पाणी, काम संपलं. जिमच्या खाली एकजण स्कूटरच्या डिकीतून व्हे प्रोटीनचे डबे विकायचा. दुकानापेक्षा बरेच स्वस्त. बिल नाही, झाकणावरचं सील थोडं तिरकं. दिवसभर कंपनीत मी पुरवठादाराचं टेस्ट सर्टिफिकेट नसेल तर लोखंडाचा तुकडा आत घेऊ देत नाही, आणि इथे पोटात जाणारी वस्तू डिकीतून घेतली. ही चूक माझ्या धंद्याला शोभणारी नव्हती. २०२४ साली केरळमधल्या डॉक्टरांच्या एका गटाने भारतात विकली जाणारी ३६ प्रोटीन उत्पादनं प्रयोगशाळेत तपासून घेतली. त्यातल्या २५ डब्यांवर लिहिलेलं प्रोटीन आणि आतलं प्रोटीन जुळलं नाही. काहींत बुरशीचं विष सापडलं, काहींत कीटकनाशकाचे अंश. ती तपासणी नावाजलेल्या, उघड विकल्या जाणाऱ्या मालाची होती. डिकीतल्या डब्यात काय होतं ते देव जाणे.

माझ्या पोटाने मात्र निकाल लगेच दिला. व्हे मी दुधातून घ्यायचो, जास्त फायदा व्हावा म्हणून. साध्या व्हे कॉन्सन्ट्रेटमध्ये दुधातली साखर शिल्लक असते, त्यात वर ग्लासभर दूध. आपल्याकडे मोठेपणी ही साखर नीट न पचणारे लोक पुष्कळ आहेत आणि मी त्यांतला आहे हे मला चाळिशीच्या तोंडावर समजलं. रात्रभर पोटात गुडगुड आणि सकाळी कंपनीच्या बसमध्ये खिडकीजवळची जागा. पुढचं सांगत नाही.

आता मुख्य चुकीकडे येतो. ती वाचनातून झाली.

नेदरलँड्समध्ये मास्ट्रिख्ट नावाचं शहर आहे. तिथल्या विद्यापीठात लूक व्हान लून यांचा गट स्नायूंवर वर्षानुवर्षं काम करतोय. २०१२ साली त्यांनी सोळा तरुणांवर एक प्रयोग छापला. रात्री आठला व्यायाम, व्यायामानंतर वीस ग्रॅम प्रोटीन, आणि साडेअकराला, झोपायच्या तोंडावर, निम्म्यांना चाळीस ग्रॅम केसीन, निम्म्यांना प्रोटीन नसलेलं पेय. केसीन घेतलेल्यांच्या शरीरात रात्रभरात स्नायूंची बांधणी सुमारे २२ टक्क्यांनी जास्त झाली. दुधात जे प्रोटीन असतं त्यातलं ऐंशी टक्के केसीन आणि वीस टक्के व्हे. व्हे पटकन पचतं. केसीन पोटातल्या आम्लात गोठतं आणि हळूहळू, तासन्तास रक्तात उतरत राहतं. झोपेतल्या सात-आठ तासांच्या उपासाला ते पुरवठा करतं, असा त्यामागचा विचार.

माझं घड्याळ आणि त्या प्रयोगाचं घड्याळ मिनिटाला मिनिट जुळत होतं. आठला व्यायाम, साडेअकराला झोप. हे आपल्यासाठीच लिहिलंय असं मला वाटलं. मी केसीनचा वेगळा डबा आणला, या वेळी दुकानातून, बिलासकट. व्यायामानंतर व्हेचा एक चमचा, झोपताना केसीनचा एक. प्रत्येकी चोवीस ग्रॅम. चाळीस घ्यायला खिसा पुरत नव्हता. रात्रीचं जेवण हलकं केलं, कारण एवढं प्यायल्यावर भाकरी जाईना. मग मी सूप आणि काकडीवर आलो. सकाळी पोट जड म्हणून नाश्ता सुटला, फक्त चहा. शरीर एका वेळी वीस-पंचवीस ग्रॅमच वापरतं, बाकी वाया जातं असंही कुठेतरी ऐकलं होतं, म्हणून काही दिवस मी रात्री दीडचा गजर लावून उठायचो आणि अर्धा चमचा प्यायचो. बायको पहिल्यांदा काही बोलली नाही. मग एकदा म्हणाली, "अहो, आपला मुलगा तान्हा होता तेव्हा तुम्ही एकदाही उठला नव्हतात."

त्या गजराची गरज कधीच नव्हती. त्याच मास्ट्रिख्टच्या गटाने २०२३ मध्ये एका वेळी पंचवीस आणि एका वेळी शंभर ग्रॅम प्रोटीन देऊन बघितलं. शंभर ग्रॅमवाल्यांचं शरीर ते बारा तासांपेक्षा जास्त वेळ वापरत राहिलं. आणि झोप मोडून मी जे मिळवत होतो त्याहून जास्त गमावत असणार. २०२१ च्या एका अभ्यासात एक आख्खी रात्र जागवलेल्या तरुणांच्या स्नायूंची बांधणी १८ टक्क्यांनी घटलेली दिसली. दीडला उठणं म्हणजे रात्रभर जागणं नव्हे, मान्य. पण त्याच दिवसांत मी जिमला जाण्यापूर्वी ताकद यावी म्हणून प्री-वर्कआउटचं लाल पाणीही प्यायचो. त्याच्या एका मापात दोनशे-तीनशे मिलिग्रॅम कॅफीन असू शकतं. झोपेच्या सहा तास आधी चारशे मिलिग्रॅम घेतलं तरी तासाभराहून जास्त झोप जाते, असं २०१३ सालच्या एका प्रयोगात मोजलेलं आहे. मी तर झोपेच्या चार तास आधी घेत होतो. बाराला डोळा लागायचा, दीडला गजर, सहाला पुन्हा गजर. बेंच प्रेसवरचं वजन महिनोन्महिने तिथल्या तिथे राहिलं आणि ट्रेनर मला म्हणाला, "सर, डाएट टाइट करा अजून."

प्रयोग खोटा नव्हता. मी तो अर्धा वाचला होता. त्या तरुणांना दिवसभराचं जेवण मोजून दिलेलं होतं. म्हणजे पोटाचा पाया भरलेला होता आणि त्यावर रात्रीचे चाळीस ग्रॅम चढवले होते. २०१५ साली त्याच गटाने चव्वेचाळीस तरुणांना बारा आठवडे व्यायाम करायला लावला. झोपताना प्रोटीन घेणाऱ्यांची ताकद आणि स्नायू जास्त वाढले. पण दुसऱ्या गटाला रात्री प्रोटीन नसलेलं पेय दिलं होतं, त्यामुळे त्यांचं दिवसाचं एकूण प्रोटीनही कमी होतं. वाढ वेळेमुळे झाली की एकूण आकड्यामुळे, हे त्यातून सांगता येत नाही. त्याआधी, २०१३ साली, ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी वेळेवरचे बरेच प्रयोग एकत्र करून तपासले होते. एकूण प्रोटीनचा फरक बाजूला काढला की वेळेचा परिणाम जवळपास उरतच नाही, असं त्यांना दिसलं. २०१८ मध्ये ४९ प्रयोग आणि १८६३ माणसांचा हिशेब करून आणखी एका गटाने सांगितलं की वजन उचलणाऱ्या माणसाला दिवसाला किलोमागे साधारण १.६ ग्रॅमपर्यंत प्रोटीनचा फायदा दिसतो. त्यापुढे वाढवून फारसं हाती लागत नाही.

हे सगळं वाचायला मला कुणी अडवलं नव्हतं. मला आवडलेला एक आकडा सापडला आणि मी तिथेच थांबलो.

शेवटी एका रविवारी कागद घेऊन बसलो. बहात्तर किलो गुणिले १.६ म्हणजे एकशेपंधरा ग्रॅम. व्यायाम न करणाऱ्या निरोगी माणसासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली किलोमागे ०.८३ ग्रॅम सांगितलंय, म्हणजे माझ्यासाठी साठ. मग माझा खरा दिवस लिहिला. सकाळी चहा, ग्रॅम-दोन ग्रॅम. कॅन्टीनमध्ये दोन-तीन चपात्या, कोबी नाहीतर बटाटा, थोडा भात आणि ज्याच्या तळाशी डाळ शोधावी लागते अशी आमटी, सगळं मिळून पंधरा. संध्याकाळी बसथांब्यावरचा वडापाव, पाच. सूप आणि काकडी, शून्यच धरा. दोन चमचे पावडर, अठ्ठेचाळीस. बेरीज सत्तर. त्यातली पावडर काढली तर बावीस ग्रॅम उरत होते. बावीस! कुपोषणाच्या बातम्यांत शोभेल असा आकडा, आणि तोही क्वालिटीच्या माणसाच्या ताटात. इनकमिंगला काहीच न तपासता फक्त फायनल इन्स्पेक्शनला भिंग घेऊन बसणारा इन्स्पेक्टर माझ्या हाताखाली असता तर मी त्याला दुसऱ्या दिवशी ठेवला नसता.

इथेच थांबलो असतो तर ही एका माणसाच्या पोटाची आणि पैशांची गोष्ट राहिली असती. पण मी दरम्यान सल्ले द्यायला लागलो होतो.

आमच्या लाइनवर एक अप्रेंटिस होता. परभणीकडचा, एकोणीस-वीस वर्षांचा, काटक. कुरुळीत एका खोलीत पाच-सहा जण, मेसचा डबा, कंपनीच्या मागे एका शेडमधली जिम. जेवणाच्या सुट्टीत त्याने विचारलं, "सर, तुम्ही रात्री काय घेता?" कुणीतरी आपल्याला असं काही विचारावं याची मी वाटच बघत असणार. मी त्याला मास्ट्रिख्ट सांगितलं, २२ टक्के सांगितले, केसीन हळूहळू कसं पचतं तेही सांगितलं. डब्याचा फोटो पाठवला. "रात्री झोपायच्या आधी घे, महिन्यात फरक दिसेल," म्हणालो. त्याने खोलीतल्या मुलांकडून उसने घेऊन साडेतीन हजारांचा डबा आणला.

काही आठवड्यांनी कस्टमर ऑडिट होतं म्हणून मी सकाळी लवकर गेलो. रात्रपाळी सुटत होती. तो गेटवर भेटला, डोळे तांबारलेले.

"काय रे, घेतोस ना झोपताना?"

"घेतो ना सर. रात्री साडेदहाला घेतो आणि बस पकडतो."

"अरे, मग झोपतोस कधी तू?"

"सकाळी नऊला. पण तुम्ही रात्री म्हणाला होता."

त्याचा महिन्यातला एक आठवडा रात्रपाळीचा असतो हे मला माहीत होतं. पाळ्यांचा तक्ता माझ्याच टेबलामागे लावलेला होता. मी पुढे विचारलं की मेसच्या डब्यात काय असतं हल्ली, तर म्हणाला, "रात्रीची मेस बंद केली सर. दोन्हीचा मेळ बसेना."

मेसच्या त्या डब्यात तीन चपात्या, भाजी, आमटी, भात असायचा. म्हणजे पंधरा-सतरा ग्रॅम प्रोटीन आणि रात्रभर उभं राहून काम करायला लागणारी सगळी ताकद. त्याच्या जागी मी त्याला चोवीस ग्रॅमची पावडर दिली होती, पाण्यातून, मशीनवर उभं राहण्याआधी. वीस वर्षांचा मुलगा, आठ तास प्रेस शॉपमध्ये, पोटात शंभरेक कॅलरी. प्रेसवर हात कुठे असतात हे ज्याला माहीत आहे त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. नशीब, काही झालं नाही.

उरलेला डबा मी त्याच्याकडून पूर्ण पैसे देऊन घेतला. घेताना त्यालाच अवघडल्यासारखं झालं. "राहू द्या सर, संपवतो मी," असं तो दोनदा म्हणाला. मेस पुन्हा सुरू झाली. मग आम्ही दोघांनी मिळून त्याच्या खिशात बसेल असं बघितलं. चाकणमध्ये अंडं सात-आठ रुपयांना मिळतं, म्हणजे चार अंड्यांत तीसेक रुपयांत चोवीस ग्रॅम. कोरड्या सोया चंक्समध्ये शंभर ग्रॅमला बावन्न ग्रॅम प्रोटीन. खोलीवर पाण्यात उकळून, पिळून, मेसच्या रश्श्यात टाकले की पन्नास ग्रॅममध्ये पंचवीस-सव्वीस. फुटाण्यांचा पुडा बॅगेत. रात्रपाळीच्या आठवड्यात मोठं जेवण पाळीवर जाण्याआधी, आणि सकाळी आल्यावर अंडी आणि पोळी खाऊन झोप. कुठल्याही दुकानात विचारलं तर याला कुणी योजना म्हणणार नाही, पण त्याला ती परवडली.

घरी मला जास्त वेळ लागला, कारण अहंकार मध्ये होता. मार्ग आईनेच काढला, तोही तिला कल्पना नसताना. पाडव्याला श्रीखंडासाठी तिने दही फडक्यात बांधून नळाला टांगलं होतं. खाली पातेल्यात पाणी जमत होतं, ते ती कणीक मळायला घेते. मी ते बघत उभा राहिलो. त्या पाण्यात असतं तेच व्हे. परदेशात चीजच्या कारखान्यांत जे पाणी उरतं, ज्यात लिटरमागे जेमतेम सहा-आठ ग्रॅम प्रोटीन असतं, तेच गाळून, आटवून, वाळवून आपल्याला डब्यात विकतात. आणि फडक्यात राहतो तो चक्का, म्हणजे मुख्यतः केसीन. दही असल्यामुळे दुधातली साखरही बरीच कमी, माझ्या पोटाला झेपणारी. मी जे साडेतीन हजारांना आणत होतो ते आमच्या स्वयंपाकघरात दरवर्षी पाडव्याला नळाला लटकत होतं. त्यात साखर घातली की श्रीखंड होतं, म्हणून मी साखरेच्या आधीच एक वाटी बाजूला काढायला लागलो. मीठ, जिरं, बारीक चिरलेली काकडी. शंभर ग्रॅमला नऊ-दहा ग्रॅम प्रोटीन मिळतं. पनीरमध्ये अठरा असतं, पण तूपही वीसच्या वर. रात्री अकराला दोनशे ग्रॅम पनीर खाऊन आडवा झालो होतो तेव्हा पित्त घशाशी आलं होतं, तीही एक चूक यादीत जोडा.

रात्रीच्या दुधाबद्दल मी भोसरीच्या एका जुन्या वस्तादांना विचारलं. ते आमच्या ट्रेनरचे आजोबा. त्यांना केसीन माहीत नव्हतं, ऐकून हसले. "रात्रीचं दूध प्यायचो की. पण सकाळची थंडाई, दुपारचं मटण, संध्याकाळचं दूध, हे सगळं पोटात गेल्यावर ते रात्रीचं. नुसत्या रात्रीच्या दुधावर कोण पैलवान झालाय?" कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात आणि समोर पिळलेलं धारोष्ण दूध पितात, त्याच्या गोष्टी त्यांनी रंगवून सांगितल्या. मी मनातल्या मनात हिशेब केला. गाईच्या दुधातून चाळीस ग्रॅम केसीन मिळवायचं तर दीड लिटरच्या वर दूध प्यावं लागेल. तालमीतल्या पोराला ते पचत असेल. क्वालिटीच्या माणसाने नाद करू नये.

आता माझं ताट साधं आहे. सकाळी दोन उकडलेली अंडी बलकासकट, पोहे किंवा मुगाचं धिरडं, आणि पोट बरं असेल तर दूध, नाहीतर दही. कॅन्टीनच्या जेवणाबरोबर घरून नेलेली मटकीची उसळ आणि दह्याची वाटी. बसथांब्यावर वडापावच्या जागी फुटाणे, पावसाळ्यात मात्र वडापाव चुकत नाही. रात्री जिमहून आल्यावर जे सगळ्यांसाठी शिजलंय ते. पिठलं आणि ज्वारीच्या दोन भाकरी असतील तर त्यात बावीस-तेवीस ग्रॅम प्रोटीन होतं, हे काढून बघितलं तेव्हा मी दोनदा बेरीज तपासली. पावडरच्या चमच्याएवढंच! धान्य-डाळीचं प्रोटीन दुधा-अंड्याइतकं पुरतं वापरलं जात नाही, म्हणून झोपताना वाटीभर चक्का किंवा दही. चिकनच्या दिवशी तेही लागत नाही. दिवसाची बेरीज नव्वदच्या घरात जाते, चिकनच्या दिवशी एकशेदहाला टेकते. एकशेपंधरा रोज होत नाहीत आणि त्यावाचून माझं काही अडलेलं नाही. बेंच प्रेसवरचं वजन हललं, झोप सहा-साडेसहा तासांवर आली. यातलं किती प्रोटीनमुळे आणि किती झोपेमुळे, याचं माप माझ्याकडे नाही.

पावडर मी फेकून दिली नाही. मोशीत राहतो, आळंदी हाकेच्या अंतरावर, घरात एकादशी पाळतात. साबुदाण्याच्या खिचडीत साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च असतो, प्रोटीन जे काही येतं ते दाण्याच्या कुटाचं. श्रावणात अंडी-चिकनही बंद. अशा दिवसांत डब्यातला एक चमचा कामाला येतो. २०२४ च्या मार्गदर्शिकेत राष्ट्रीय पोषण संस्थेने शरीर कमावण्यासाठी अशी पावडर टाळाच म्हटलंय. मी ती पूर्ण टाळत नाही, पण तिच्यासाठी जेवण सोडणं बंद केलंय. विकत घेताना बिल, सील आणि एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक बघतो. डिकीवाला अजून तिथेच उभा असतो. नवीन मुलं त्याच्याकडून घेतात. मी एक-दोघांना अडवलं, त्यांनी ऐकलं नाही. मीही ऐकलं नसतं.

एक सांगतो आणि थांबतो. ज्यांना किडनीचा त्रास आहे, साखर किंवा रक्तदाब आहे, त्यांनी यातला एकही आकडा माझ्यावरून उचलू नये. आधी रक्त-लघवीची तपासणी करा आणि डॉक्टरांना विचारा. आणि चाकणच्या कुठल्याही कंपनीत तुम्हाला कुणी वीस वर्षांचं पोरगं "सर, रात्री काय घेता" असं विचारायला आलं, तर उत्तर देण्याआधी त्याला विचारा की पाळी कोणती आहे, झोपतोस कधी आणि मेस चालू आहे ना.